उसना मान

पश्चिम आफ्रिकेच्या समुद्रकाठी, ज्या देशाला आज घाना म्हणतात त्या देशात, केप कोस्ट नावाचे एक जुने शहर आहे. तेथील फांटी लोक त्याला ओग्वा म्हणतात. इंग्रजांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीचे मुख्य ठाणे १८७७ पर्यंत येथेच होते. या शहरातील सुशिक्षितांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नावे धारण केली, तेथल्या दमट उन्हात लोकरीचे लांब कोट आणि उंच टोप्या चढविल्या, आणि घरातल्या बायकांना विलायती झगे नेसविले. त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. विद्या पश्चिमेची घेतली की आचारही पश्चिमेचा येणारच, आणि विद्यावंताला मान मिळणारच. त्यात खंत करण्यासारखे काय आहे, असे एक मत. हे सगळे नकलाकारांचे थेर होते. ज्यांच्यापाशी स्वतःचे काही नव्हते त्यांनी दुसऱ्याचे उचलले, असे दुसरे मत. पहिले मत स्वतःस सुधारक म्हणविणारे मांडतात, दुसरे स्वतःस धर्माभिमानी म्हणविणारे; आणि केप कोस्टचा इतिहास वाचण्याचे कष्ट बहुधा दोघांनीही घेतलेले नसतात.

आम्हांस ही दोन्ही मते अमान्य आहेत. पहिल्या मतात विद्या आणि प्रतिष्ठा यांची गल्लत झाली आहे. विद्या जो शिकतो त्याची होते. शिकविणाऱ्याला ती परत मागता येत नाही. परक्या सत्तेने दिलेली प्रतिष्ठा मात्र देणाऱ्याच्याच मालकीची राहते, आणि त्याच्या सोयीचे नाहीसे होताच तो ती काढून घेतो. दुसऱ्या मतात तर साध्या माहितीचाच अभाव आहे. फांटी समाजापाशी स्वतःचे काही नव्हते, हे विधान उघड असत्य आहे.

फांटी समाजात मान कशावर ठरे, ते आधी पाहू. तेथे कुळ आईकडून चालते. त्याला अबुसुआ म्हणतात. मूल आईच्या कुळाचे. मालमत्तेचा वारसा मुलाकडे न जाता भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जातो. कुळाच्या वडीलधाऱ्याचा शब्द घरात चालतो. राजाच्या अधिकाराचे चिन्ह म्हणजे एक कोरीव लाकडी आसन. आपल्याकडे गादी या शब्दाला जो अर्थ आहे तोच तेथे त्या आसनाला. राजाने बोलावयाचे ते ओक्यामे नावाच्या मानकऱ्याच्या मुखाने, आणि प्रजेनेही आपले गाऱ्हाणे त्याच्याच मार्फत घालावयाचे. शहराची विभागणी आसाफो नावाच्या पथकांत असे, आणि त्यांतले स्थान मात्र बापाकडून येई. पुरुषाचे वस्त्र म्हणजे डाव्या खांद्यावरून घेतलेले एक मोठे अखंड कापड. श्रेष्ठांपुढे जाताना ते खांद्यावरून खाली उतरवावयाचे. देवापुढे उघड्या अंगाने उभे राहणाऱ्या आमच्या वाचकांस त्यातला भाव समजावून सांगावयास नको. ज्या समाजात आईचे कुळ, बापाचे पथक, आसनाचा अधिकार आणि बोलण्याचीही रीत ठरलेली होती, त्याला संस्कारहीन म्हणणे हे म्हणणाऱ्याच्याच अज्ञानाचे लक्षण होय.

हे सुवर्णयुग होते असे मात्र आम्ही म्हणत नाही. या समाजात दासही होते. किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनी माणसांच्या विक्रीत हात धुऊन घेतले, आणि केप कोस्टचा किल्ला हे त्या व्यापाराचे एक मोठे कोठार होते. आमचा मुद्दा इतकाच की, तेथे मानाची एक जुनी व्यवस्था होती, तिच्यात गुण होते तसे दोषही होते, आणि तिच्या शेजारी किल्ल्याने दुसरी व्यवस्था उभी केली.

किल्ल्यांची ही मालिका पोर्तुगीजांनी सुरू केली. केप कोस्टपासून थोड्याच अंतरावर एल्मिना येथे त्यांनी १४८२ मध्ये आपला कोट बांधला. ज्या निशाणाखाली तो बांधला गेला तेच निशाण १५१० मध्ये गोव्यात आले. म्हणून ही कथा आम्हांस सर्वस्वी परकी वाटत नाही. पुढे केप कोस्टचा किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि १७५४ मध्ये तेथून तीन फांटी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. दोन तिकडेच वारले. तिसऱ्याचे नाव फिलिप क्वाक्वे. बुधवारी जन्मलेल्या मुलाला फांटी लोक क्वेकू म्हणतात. त्याचेच इंग्रजांच्या लेखणीखाली क्वाक्वे झाले. १७६५ मध्ये त्याला इंग्लंडच्या चर्चची दीक्षा मिळाली. त्या चर्चचा पाद्री होणारा तो पहिला आफ्रिकी. पुढच्याच वर्षी तो मायदेशी परतला आणि किल्ल्यातच शाळा चालवू लागला. १८१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने हे काम केले.

हा मनुष्य आळशी नव्हता, लबाडही नव्हता. पण बारा वर्षे परदेशी राहून आल्यावर तो आपली मातृभाषा विसरला होता. आपल्याच लोकांना उपदेश करण्यासाठी त्याला दुभाषा घ्यावा लागे. आपल्या मुलांवर इथल्या चालीरीतींचा संस्कार होऊ नये म्हणून त्याने त्यांनाही इंग्लंडला धाडले. किल्ल्यात त्याला मान होता. पण किल्ल्याच्या भिंतीबाहेर तो मान कोणत्या भाषेत मागावयाचा, हे त्यास कळेना. १६८४ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता. गोव्याला जे हुकमाने करावयाचे होते, ते केप कोस्टमध्ये शाळेने हुकमावाचून केले. तरी गोव्याचे घर आपली बोली बोलतच राहिले. हुकूम घराबाहेर उभा राहतो, त्याला दार लावता येते; शाळेतून आलेली प्रतिष्ठा मात्र मुलाच्या अंगावरून घरात येते, आणि आईबाप कौतुकाने तिचे स्वागत करतात.

१८३५ मध्ये वेस्लियन मिशन केप कोस्टला आले. शाळा वाढल्या. लिहितावाचता येणाऱ्यास किनाऱ्यावर ‘स्कॉलर’ म्हणू लागले, मग त्याची विद्या चार बुकांपलीकडे गेलेली असो वा नसो. कारकुनी, शिक्षकी, धर्मोपदेशकाचे काम आणि विलायती पेढ्यांची अडत ही या स्कॉलरांची चार दारे. ज्या मनुष्याला कुळात धाकट्याचे स्थान होते, तो कोट घालून कचेरीत गेला की वडीलधाऱ्यांच्या बरोबरीने बसे. येथे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो की, त्याला त्यात आनंद वाटला तर तो त्याचा अपराध नव्हे. जन्माने खाली ठेवलेल्या माणसाला वर जाण्याचा मार्ग दिसला, तर तो चढणारच.

पण हा मार्ग कोणत्या अटींवर होता? नाव बदलावयाचे. दाद्झी म्हणजे लोखंड. त्या नावाच्या कुटुंबांतून कोणी स्टील झाले. स्त्रियांत दोन वर्ग पडले: झगा घालणाऱ्या आणि देशी वस्त्र नेसणाऱ्या. एकाच आईच्या पोटच्या दोघी बहिणी या भेदाने दोन पायऱ्यांवर बसल्या. मग कायदाही मदतीस आला. १८८४ च्या विवाह कायद्याने इंग्रजी पद्धतीचा, एकपत्नीत्वाचा विवाह वेगळा नोंदविला जाऊ लागला, आणि अशा विवाहातील मनुष्याच्या मागे त्याची मालमत्ता फांटी रिवाजाऐवजी इंग्रजी कायद्याने वाटली जाऊ लागली. कुळांनी आक्रोश केला, तेव्हा १९०९ मध्ये दुरुस्ती होऊन एक तृतीयांश वाटा रिवाजाकडे आला. एकाच शहरात, एकाच कुळात, दोन प्रकारच्या बायका आणि दोन प्रकारची लेकरे निर्माण झाली. नवी प्रतिष्ठा जुन्या विषमतेच्या जागी आली असती, तर तिचे समर्थन तरी करता आले असते. ती जुन्या विषमतेच्या डोक्यावर बसली.

आता या प्रतिष्ठेचा मालक कोण होता ते पाहा. १८८३ मध्ये गोल्ड कोस्टच्या वरिष्ठ सरकारी जागा ४३ होत्या, आणि त्यांपैकी ९ आफ्रिकी लोकांकडे होत्या. १९०८ पर्यंत अधिकाऱ्यांची संख्या २७४ झाली. त्यांत आफ्रिकी फक्त ५ उरले. या पंचवीस वर्षांत आफ्रिकी लोक कमी शिकले होते काय? उलट याच काळात त्यांचे बॅरिस्टर आणि डॉक्टर वाढले. सिएरा लिओनचे डॉक्टर जॉन फॅरेल ईझमन १८९३ पासून गोल्ड कोस्टचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. १८९७ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. १९०२ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या वसाहतींसाठी एकच वैद्यकीय सेवा उभारली गेली, आणि तिच्यात प्रवेशासाठी उमेदवार युरोपीय आईबापांचा असला पाहिजे अशी अट घालण्यात आली. एडिंबरोची पदवी तीच, परीक्षा त्याच, औषधे तीच. कातडी तेवढी आड आली.

‘आमच्यासारखे व्हा, म्हणजे आमच्या बरोबरीने बसाल,’ असा या व्यवस्थेचा करार होता. फांटी सुशिक्षितांनी आपली बाजू पाळली. त्यांनी नाव दिले, वेष दिला, काहींनी भाषाही दिली. समोरच्याने करार मोडला. आणि मोडताना वर कुचेष्टा केली की, हा सुशिक्षित काळा मनुष्य म्हणजे वरवरचा मुलामा आहे, खरा आफ्रिकी तर आपल्या राजाच्या आज्ञेत राहणारा खेडूत. ज्या कारखान्यात मुलामा चढला, त्याच कारखान्याच्या मालकाने मुलाम्याला नावे ठेवावीत, याला काय म्हणावे? पुढे १९२७ च्या कायद्याने राजांच्या हाती अधिकार देऊन सुशिक्षितांना बाजूस सारण्यात आले. जुन्या मानकऱ्यांवर सरकारचे प्रेम एकाएकी उफाळून आले असे समजणारा भोळाच म्हटला पाहिजे. आधी राजांविरुद्ध स्कॉलर वापरले, मग स्कॉलरांविरुद्ध राजे.

आमच्या पहिल्या पक्षाचे लोक येथे विचारतील: मग फांटींनी शिकूच नये असे तुम्ही म्हणता काय? मुळीच नाही. याच केप कोस्टने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. १८६८ मध्ये फांटी राजे आणि सुशिक्षित मांकेसिम येथे एकत्र आले. १८७१ मध्ये त्यांनी आपल्या संघाची घटना लिहिली. रस्ते आणि शाळा बांधण्याची कलमे तिच्यात होती. इंग्रजांनी तिचे पुढारी अटकेत टाकले. का? कोटवाला आणि आसनवाला एका बैठकीवर बसले म्हणून. १८८९ मध्ये केप कोस्टमध्ये ‘मफांत्सी अमनबुहू फेकू’ म्हणजे फांटी राज्यव्यवहार मंडळ स्थापन झाले, ते देशी आचारांची होणारी पडझड थांबविण्यासाठी. त्याच्या मुळाशी जॉन मेन्सा सार्बा हे बॅरिस्टर होते. १८८७ मध्ये लंडनला सनद मिळविणारे ते गोल्ड कोस्टचे पहिले बॅरिस्टर. त्यांनी इंग्रजी कायदा शिकून काय केले? तोंडोतोंडी चालत आलेला फांटी रिवाज जमवून, तपासून, १८९७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, म्हणजे न्यायाधीशाला ‘असा रिवाजच नाही’ असे म्हणता येऊ नये. त्याच वर्षी सरकारने जमिनीचा कायदा आणला. मोकळी दिसणारी जमीन सरकारी कारभाराखाली जाण्याचा तो घाट होता. सार्बा यांनी कायदेमंडळापुढे त्याच्याविरुद्ध उभे राहून युक्तिवाद केला आणि त्या कामाची फी घेतली नाही.

त्या लढ्यासाठी जी देशी हक्क संरक्षण सभा स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष जेकब विल्सन से. हे ताडाच्या तेलाच्या व्यापारात श्रीमंत झालेले, शालेय शिक्षण न लाभलेले गृहस्थ. लंडनला गेलेल्या शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते आणि खर्चाचा मोठा भारही त्यांनीच उचलला. १८९८ मध्ये शिष्टमंडळ वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांस भेटले, आणि तो कायदा मागे पडला. बॅरिस्टरांच्या सभेच्या शिरोभागी न शिकलेला व्यापारी बसला, यात बॅरिस्टरांची प्रतिष्ठा गेली काय? आम्ही म्हणतो, त्या दिवशीच ती त्यांना मिळाली. कारण त्या दिवशी ती किल्ल्याकडून आली नव्हती. जमीन वाचली म्हणून जमिनीच्या मालकांनी दिली होती.

याच शहरात १८९२ मध्ये कोबिना सेक्यी जन्मले. लंडनला तत्त्वज्ञान शिकले, बॅरिस्टर झाले. १९१५ मध्ये त्यांची ‘फलाबा’ ही बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. त्यातून ते वाचले. त्याच वर्षी त्यांनी ‘द ब्लिंकर्ड्स’ हे नाटक लिहिले. ब्लिंकर्ड म्हणजे डोळ्यांवर झापडे लागलेला. त्यातली एक बाई विलायत पाहून आली आहे आणि घरादाराला इंग्रजी रीती शिकविण्यासाठी तिने कंबर कसली आहे. तिचे नाव ब्रोफुसेम, म्हणजे गोऱ्यांच्या रीती. इंग्लंड खरोखर जाणणारा आणि तरीही देशी वस्त्र नेसणारा वकील तिच्यासमोर उभा केला आहे. पात्रे इंग्रजी आणि फांटी अशा दोन्ही भाषांत बोलतात. म्हणजे ज्यांच्यावर टीका आहे त्यांनाही कळावी आणि ज्यांच्या घरातली ती गोष्ट आहे त्यांनाही. सेक्यी यांनी पुढे विलायती पोशाख टाकला तो कायमचा, आणि १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते फांटी वस्त्रात वावरले. वकिली त्यांनी सोडली नाही, इंग्रजी लेखनही सोडले नाही. विद्या ठेवली, उसना मान परत केला.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. झगा घालून चर्चमध्ये लग्न लावणारी स्त्री केवळ नखऱ्यासाठी ते करीत होती काय? नवरा मेल्यावर त्याचा भाचा येऊन घरातून बाहेर काढील, ही भीती तिच्या पोटात होती. इंग्रजी कायद्याने तिला आणि तिच्या लेकरांना आधार दिला. रिवाजाचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी या भीतीचा विचार पुरेसा केला नाही, हे आम्हांस मान्य आहे. देशाभिमान सांगणाऱ्याने आपल्या घरच्या विधवेचे तोंड आधी पाहावे.

परंतु त्या आधारासाठी झग्याची गरज होती काय, याचे उत्तर १९८५ मध्ये मिळाले. त्या वर्षी स्वतंत्र घानाच्या सरकारने वारसाचा नवा कायदा केला. मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाच्या मागे त्याची पत्नी आणि मुले यांना त्याच्या मालमत्तेत वाटा दिला, आणि लग्न रिवाजाने झाले की नोंदणीने हा भेद ठेवला नाही. कुळालाही एक भाग राखला. म्हणजे जे न्याय्य होते ते देशी वस्त्र नेसलेल्या स्त्रीलाही देता येत होते. १८८४ च्या कायद्याने न्याय आणि झगा यांची गाठ मारली. न्याय हवा असेल तर झग्यासकट घ्या, असे सांगितले. ती गाठ सोडविण्यास शंभर वर्षे लागली. आमचा आक्षेप न्यायाला नाही, गाठीला आहे.

दुसऱ्या पक्षाने, म्हणजे धर्माभिमान्यांनीही, फार खूष होऊ नये. ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री घाना स्वतंत्र झाला, तेव्हा क्वामे एन्क्रुमा उत्तर प्रांतातील हातमागाचा झगा घालून व्यासपीठावर उभे होते. २००४ मध्ये शुक्रवारी देशी कापड वापरावे अशी मोहीम सरकारने काढली. उत्तम झाले. पण त्या देशाची राजभाषा आजही इंग्रजीच आहे, आणि कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या खेडुताचा मान त्याच्या इंग्रजीवरून ठरण्याची सवय कापड बदलल्याने गेलेली नाही. वेष पालटणे हे सर्वांत सोपे काम आहे. ज्याने धोतर नेसून किंवा मोठे वस्त्र पांघरून आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला बाकावर ताटकळत ठेवले, त्याने पोशाखाचा अभिमान सांगू नये.

असो. केप कोस्टच्या लोकांना हसणाऱ्यांना आणि त्यांची वकिली करणाऱ्यांना, दोघांनाही आम्ही एकच विनंती करतो. मान कोणाकडून मिळाला, तो कोणत्या अटीवर मिळाला, आणि देणारा तो परत मागू शकतो काय, एवढे तीन प्रश्न विचारावे. से यांच्या बाबतीत त्यांची उत्तरे सरळ येतात. क्वाक्वेच्या बाबतीत येत नाहीत, आणि म्हणून त्याच्याविषयी आम्हांस राग येत नाही, वाईट वाटते. पन्नास वर्षे त्याने मुलांना अक्षरे शिकविली. एवढ्या काळात किल्ल्याचा दरवाजा ओलांडून बाजारात जावे, मासे विकणाऱ्या बाईला तिचे नाव विचारावे, एवढ्यासाठीही त्याला दुसऱ्याच्या तोंडाची गरज होती.